फेरीपलीकडे

बेटावर जायचं म्हणजे आधी पाणी ओलांडायचं. आम्हां कोल्हापूरकरांचं पाण्याशी नातं जवळचं आणि जरा धाकाचं. रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाताना ते घरातलं वाटतं, पंचगंगेच्या घाटावर दिवा सोडताना ते देवाचं होतं, आणि 2019 च्या ऑगस्टात महामार्ग पाण्याखाली गेला, गावाला येणाऱ्या वाटा एकेक करून तुटल्या, कोल्हापूरचंच बेट झालं, तेव्हा त्याच पाण्याकडे रात्ररात्र जागून बघावं लागलं. निव्वळ मौजेसाठी पाणी ओलांडावं, असं आमच्या संसारात कधी घडलं नव्हतं.

मग अमेरिकेतल्या भाचीने पोर्टो रिकोहून फोटो पाठवले. ती आणि तिचा नवरा, दोघंच. जुन्या सान हुआनमधली पिवळी, निळी, डाळिंबी घरं, निळसर दगडांच्या उतरत्या गल्ल्या, सज्जांतून ओसंडणारी बोगनवेल आणि गल्ली जिथे संपते तिथे समुद्राचा लखलखता तुकडा. एका फोटोत ती दोघं कशावर तरी इतकी हसत होती की चेहरेच हलले होते. तो हललेला फोटो मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. ह्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर आपल्या गोव्यागत दिसतंय की!"

दिसणारच. 1494 साली तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकवर एक उभी रेघ ओढली आणि स्वतः न पाहिलेलं जग आपसांत वाटून घेतलं. रेघेच्या पलीकडची ती बेटं स्पॅनिश बोलू लागली. अलीकडे आलेल्या पोर्तुगीज गलबतांनी 1510 मध्ये गोवं घेतलं. दोन शेजाऱ्यांची भांडणं कितीही असोत, घर बांधायची रीत सारखीच. आणि वरून ऊन तेच, माड तेच, पावसाळ्यात भिंतींवर चढणारी ओलही तीच.

"मग चल की," हे म्हणाले.

आम्ही गोव्यातल्या दिवाडी बेटाकडे निघालो.

पाऊस सरत आला होता. संकेश्वर मागे पडलं, गडहिंग्लजच्या वाटेवर मिरचीची रोपं पांढऱ्या बारक्या फुलांवर आलेली, भुईमुगाची शेतं, आजऱ्याला घनसाळ भाताचा वास उघड्या काचेतून आत शिरलेला, आणि आंबोलीकडे चढता चढता काजूच्या बागा. ह्या मिरचीची युरोपीयांनी केलेली पहिली नोंद कोलंबसाच्या रोजनिशीत आहे, 1493 च्या जानेवारीतली, हिस्पॅनिओला बेटावरची. त्या बेटाच्या पूर्व भागात आज डॉमिनिकन रिपब्लिक आहे. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. काजू ब्राझीलचा, भुईमूगही दक्षिण अमेरिकेचा. चैत्र-वैशाखात डंकावर कांदा-लसूण मसाला कुटताना ज्या लाल धुळीने आमच्या पेठेला शिंका येतात, ज्या तांबड्या रश्शाच्या तवंगात आम्ही आमचं सगळं कोल्हापूरपण पाहतो, ते तिखट मुळात समुद्रापलीकडचं. ते घाट चढून वर आलं आणि आमचं झालं. आता आम्ही दोघं घाट उतरत होतो, धुक्यातून, पाण्याचे ओघळ काळ्या कातळावर चकाकत असताना, आणि मला वाटलं, मिरचीच्या त्या जुन्या वाटेनेच आपण उलटे चाललोय.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयची कमान आहे, 1599 च्या सुमाराची, वास्को द गामाच्या पणतूने उभारलेली. समुद्रावरून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. आम्ही तिच्याखालून नदीकडे गेलो. गाडी काठावर ठेवली आणि चालतच फेरीत चढलो. मांडवी त्या दिवशी मातकट, भरलेली, संथ. फेरीने धक्का सोडला, लोखंडी फळी वर उचलली गेली, काठ आणि आमच्यामध्ये हातभर पाणी आलं, मग पुरुषभर, मग इतकं की मागची चर्चची पांढरी टोकं झाडांत बुडाली, आणि त्या वाढत्या पाण्यात घरचे निरोप, गॅसचा नंबर, सासूबाईंच्या गोळ्यांची वेळ, सगळं एकेक करून सुटत गेलं.

तेवढ्यात ह्यांनी शीळ घातली.

आमच्या घरात शीळ घालत नाहीत. सासरे होते तेव्हापासूनचा दंडक. हे शीळ घालतात, आणि इतकी गोड घालतात, हे लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत मला ठाऊक होतं. मग कधीतरी ते आठवणीतूनही गेलं. फेरीतल्या मोटरसायकलवरच्या पोराने वळून पाहिलं. हे लाजले आणि आणखी मोठ्याने शीळ घालू लागले.

बेटावर आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मी तिथे कुणाची काकू नव्हते, मामी नव्हते, कुणाच्या दारातली थोरली सून नव्हते. बांधावरून चालत होते, एवढंच. दोन्ही बाजूंना खाजनाची भातं, खाऱ्या पाण्याच्या शेजारी वाढणारी, आणि मधोमध बगळे. वाटेत एका जुन्या घराच्या ओसरीवर, दगडी बाकावर बसलेल्या आजोबांनी हात उंचावून म्हटलं, "बोआ तार्द!" पोर्तुगीज 1961 च्या डिसेंबरात गेले, पण त्यांच्या शाळेत शिकलेल्या माणसांच्या तोंडी दुपार अजून अशी उतरते. हे दचकले, मग छाती भरून म्हणाले, "रामराम!" आजोबा इतके हसले की आतून त्यांची सून बाहेर आली. संध्याकाळभर हे दिसेल त्याला बोआ तार्द घालत होते. माडाला, म्हशीला, विहिरीच्या रहाटाला. मीही हसत होते. पोट धरून, पदर तोंडात न कोंबता.

टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. तिथून बेट दिसतं, आणि वारा. त्याच्या कब्रस्तानातल्या लहान चॅपेलमध्ये कदंबांच्या काळचं कोरीवकाम शिल्लक आहे. त्यांचा सप्तकोटेश्वर या बेटावरचा. पोर्तुगीजांनी देऊळ पाडलं तेव्हा लोकांनी लिंग नदीपार नार्व्याला नेलं आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे देऊळ पुन्हा उभं केलं. शीळ थांबली. दोघांनी पलीकडच्या काठाकडे पाहून हात जोडले. आनंदातही हे हवं होतं. ज्या मातीवर आपण हसतो, तिने काय सोसलं हे ठाऊक असलं की हसण्याला खोली येते असं मला वाटतं.

उतरताना खालून कोकण रेल्वेची गाडी बेटावरून धडधडत गेली. थांबली नाही.

संध्याकाळी आम्ही बांधावरच्या मानसीपाशी बसलो. मानस म्हणजे खाजनातली लाकडी दारं. भरतीचं पाणी आलं की तेच दाराला ढकलून मिटवतं, खारं पाणी शेतात येत नाही. ओहोटी लागली की आतलं गोडं पाणी दार उघडून नदीकडे जातं. दार उघडायला-मिटायला कुणी लागत नाही. ऊन मावळत होतं, दारावर पाण्याचा मऊ ठोका पडत होता, ह्यांच्या कोल्हापुरी चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय बांधावरून लोंबते. बराच वेळ ते त्या दाराकडे पाहत राहिले.

"आपलंही असंच चालत आलंय," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. ह्यांच्या दंडाला दंड लावून बसले. घरी अंगणातसुद्धा आम्ही असे बसत नाही.

पोर्टो रिको जमलं तर जरूर पाहा, भाचीचे फोटो खोटे नाहीत. पण तोवर थांबू नका. पावसाळा सरता सरता, दोघांनीच, मुलांना आणि नातवंडांना कुणाकडे तरी सोपवून दिवाडीला जा. गाडी अलीकडच्या काठावर ठेवा आणि फेरीत चालत चढा. कोल्हापुरातून पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला बेटावर पोहोचता.