फाइव्ह स्टारच्या गेटवर, अकराव्या दिवशी

कोल्हापुरात कुणी 'फाइव्ह स्टारला चाललोय' म्हटलं, की पुण्या-मुंबईच्या पाहुण्याचे डोळे चमकतात. स्विमिंग पूल, बुफे, स्पा... थांबा! ही फाइव्ह स्टार म्हणजे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत. इथे पूल नाही, मशीनवरचं कूलंट आहे. बुफे नाही, कँटीनचं कूपन आहे. आणि परवा मी इथल्याच एका गेटसमोर, टपरीच्या बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन बसले होते. फर्स्ट शिफ्ट सुटायची वाट बघत.

त्याच दिवशी सकाळी मी आळत्याहून निघाले होते. आळत्याजवळ, रामलिंगच्या रस्त्याला 'धम्मालय' हे विपश्यना केंद्र आहे. तिथलं दहा दिवसांचं शिबिर नुकतंच संपलं होतं. तालुका हातकणंगले, म्हणजे या एमआयडीसीच्या नावातलाच! पण एसटीने यायचं तर कोल्हापूरचा वळसा. सीबीएसला उतरा, कागलची गाडी पकडा, लक्ष्मी टेकडीला उतरा आणि पुढे वडाप शोधा. दहा दिवसांच्या शांततेनंतर रस्त्यावर पहिला मोठा आवाज कानावर पडला तो उसाच्या ट्रॅक्टरवरच्या गाण्याचा. फुल व्हॉल्यूम!

'रिट्रीट' म्हटलं की आपल्याला डोंगरातला रिसॉर्ट आणि ग्रीन टी आठवतो. इथे पहाटे चारला घंटा होते. दिवसाला साधारण दहा तास बैठक. सकाळी अकराला जेवण, पाचला नव्या साधकांना चहा-फळं, त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरानजर नाही. मोबाइल जमा, पुस्तक जमा, पेनसुद्धा जमा. (पत्रकाराचं पेन!) फी मात्र शून्य. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. नव्या माणसाकडून शिबिर पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही घेत नाहीत.

हे सगळं संसार सोडलेल्यांचं काम, असं मलाही वाटायचं. पण सत्यनारायण गोएंका ज्यांच्याकडे हे शिकले, ते सयाजी ऊ बा खिन 1948 मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल होते. आपल्या भाषेत, एजी ऑफिसचे मोठे साहेब! आणि गोएंका स्वतः मंडालेत जन्मलेले, धंद्यात मुरलेले उद्योजक. मायग्रेनने हैराण होऊन 1955 मध्ये ते पहिल्या शिबिराला बसले. 1969 मध्ये भारतात आले आणि पुढे 1976 मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी सुरू झालं. 2013 मध्ये ते गेले, तरी शिबिरात आवाज अजून त्यांचाच असतो, रेकॉर्ड केलेला. थोडक्यात, फायली आणि ऑर्डरी सांभाळणाऱ्या माणसांनी आपल्यापर्यंत आणलेली ही गोष्ट आहे. तसा हा परिसरही गप्प बसण्यात मुरलेला. जवळच कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर 1963 मध्ये उभारलेली 28 फुटी मूर्ती आहे, ध्यानात ताठ उभी.

आता खरं सांगते. मी गेले होते ते 'आर्टिकल होईल' म्हणून. पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास बघायचा. मी काय बघितलं? दादाशी भांडण. सव्वा वर्षापूर्वी मी परमनंट नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं, तेव्हा तो म्हणाला होता, "हे काय खूळ?" त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत. डोळे मिटले की मी त्याला उत्तरं द्यायची, एकाहून एक सरस. दिवसातून किमान वीस वेळा मी ती केस जिंकत होते. गुडघे ठणकायचे ते वेगळंच.

चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीर तपासत जायचं आणि दिवसातल्या तीन एकेक तासांच्या बैठकांना अजिबात हलायचं नाही. सहाव्या दिवशी दुपारी अशाच बैठकीत, मांडी बधिर झालेली असताना, मला त्या भांडणातलं माझंच एक वाक्य ऐकू आलं. "मग काय, तुझ्यासारखं जन्मभर पंचिंग कार्ड मारत बसू?" सव्वा वर्षात मी हे वाक्य एकदाही आठवलं नव्हतं! माझ्या मास कॉमच्या फिया त्या पंचिंग कार्डावरच्या ओव्हरटाइममधून गेल्या होत्या. घंटा होईपर्यंत अजून पंचवीस मिनिटं होती. उठून जाता येत नाही, मोबाइल उघडता येत नाही, कुणाला सांगून हलकं होता येत नाही. मला वाटतं, त्या जागेची किंमत ही एवढीच आहे. एरवी मी कधीच पळाले असते.

सगळ्यांनी जावं असं मी म्हणणार नाही. गंभीर मानसिक आजार असेल तर केंद्रच 'नको' म्हणतं, फॉर्मवर तसं विचारतात. तिसऱ्या दिवशी एक मुलगी बॅग उचलून घरी गेली, तिला मी भित्री वगैरे म्हणणार नाही. आणि एक हिशेब टपरीवर बसल्या बसल्या सुचला. येण्याचा आणि परतीचा दिवस धरून शिबिराला बारा दिवस लागतात. कारखान्यात वीस दिवस कामाला एक दिवस पगारी रजा. म्हणजे बारा दिवस गप्प बसण्यासाठी दोनशे चाळीस दिवस मशीनसमोर उभं राहायचं! मला तर फक्त दोन असाइनमेंट्स सोडाव्या लागल्या होत्या.

फोन केला नव्हता. दादाचा मोबाइल शिफ्टभर लॉकरमध्ये असतो. त्याचंही रोज 'जमा'च.

तीनचा भोंगा झाला. बाइक्सचा लोंढा बाहेर पडला, हेल्मेट, टिफिन, निळे शर्ट. त्याने मला बघून बाइक बाजूला घेतली.

"काय गं, हितं? घरी सगळं बरं हाय न्हवं?"

"बरंय. आलो म्हटलं, भेटून जावं." (हो, दादासमोर मी 'आलो'च म्हणते. कोल्हापूरची आहे!)

"आई म्हणत होती, दहा दिवस गप्प बसायला गेलीस. तू?"

"दादा, ते पंचिंग कार्डाचं मी..."

"दोन चहा दे रे," तो टपरीवाल्याला म्हणाला. मग बराच वेळ हातमोज्यातला तेलाचा डाग खरवडत राहिला. "लागलं होतं," म्हणाला.

मी मान हलवली. शिबिरात ठरवलेली वाक्यं एकही आठवेना.

चहा आला. त्याने फुंकर मारली.

"किती वाजता उठवायचे तिथं?"

"चारला."

"मग काय, फर्स्ट शिफ्टला आमचं रोजचंच हाय ते." आणि थोड्या वेळाने, "रजा किती दिवस लागती म्हणालीस?"