शाळूचा किसरा

मंठ्यात माझ्याकडं तंदूर नाही, भट्टी नाही आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. तरीही दूरदूरच्या मुलखांतल्या रोट्या मी घरीच भाजते.

हा नाद लागला औरंगाबादेत शिकायला होते तेव्हा. तिथला नानखलिया प्रसिद्ध. मुहम्मद तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी दौलताबादेला हलवली, तेव्हा तो फौजेसोबत आला असं तिथली माणसं सांगतात. तो हळदीचा पिवळसर नान घरच्या ओव्हनमध्ये बऱ्यापैकी होतो. गोव्याची कोंड्याची पोईही जमते; माडाची सूर इथं कुठून आणणार, म्हणून यीस्टवर भागवते.

पण जीव जडला तो सुदानच्या किसऱ्यावर. आमच्या वरच्या खोलीत एक सुदानी जोडपं भाड्यानं राहायचं. त्या बाईंनी एकदा माझ्याकडं ज्वारीचं पीठ मागितलं आणि मी बघतच राहिले. ज्वारी म्हणजे आपलीच, अशी माझी समजूत. ती मुळात आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूनं हजारो वर्षांपूर्वी निघालेली, हे मला त्यांच्या स्वयंपाकघरात कळलं.

ज्वारीत ग्लुटेन नसतं. गव्हाच्या कणकेसारखी ती हवा धरून ठेवत नाही, त्यामुळे नुसत्या ज्वारीचा पाव फुगत नाही. आपल्या बायकांनी यावर आधणाचं पाणी शोधलं: उकळत्या पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो, मग काटवटीत मळून भाकरी थापता येते. सुदानी बायकांनी आंबवणं शोधलं. बारीक पीठ पाण्यात कालवायचं, त्यात आदल्या खेपेचं थोडं आंबलेलं पीठ विरजणासारखं घालायचं आणि रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळी पातळ करून तापल्या तव्यावर ओतायचं आणि लगेच कागदासारखं पसरायचं. त्या बाई ताडाच्या पातीचा तुकडा वापरायच्या. मी प्लॅस्टिकची पट्टी वापरते. उलटायचं नाही. कडा सुटल्या की झाला किसरा. येमेनमध्ये लहूह करतात, तोही एकाच बाजूनं भाजलेला, वर जाळी पडलेला. तिथंही ज्वारी चालते.

मंठ्याच्या उन्हाळ्यात रात्रभर थांबायची गरजच नाही, चार-पाच तासांत पीठ वर येतं. पहिल्यांदा ते भांडं बघून आत्याबाई म्हणाल्या, "ही तर आंबीलच हाय की गं. तव्यावर काहून टाकायलीस?" बरोबरच होतं त्यांचं. लातूर-धाराशिवकडं वेळा अमावास्येला शेतात आंबील नेतात, तिच्यातही ज्वारीचं आंबवलेलं पीठच असतं. आपण ते प्यायलो, त्यांनी ते भाजलं.

किसऱ्याचा एक मोठा गुण मला इथंच उमगला. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि ते पीठ गुरांपुढं जातं. किसऱ्याला थापणंच नाही, त्यामुळे तसलं पीठही चालतं. गरज वाटलीच तर मूठभर कणीक घालायची. ज्वारी पिकवणाऱ्या आपल्या तालुक्यात हे घराघरांत माहीत व्हायला हवं.

सुदानात तो वाळवलेल्या भेंडीच्या पुडीनं दाट केलेल्या मटणाच्या रश्श्यात भिजवून खातात. भेंडी मी गच्चीवर वाळवते. आत्याबाईंना मात्र किसऱ्यासोबत पिठलंच लागतं आणि माझं मत विचाराल तर तेच जास्त चांगलं लागतं. आता इथिओपियाची इंजेरा करायची आहे. तिचं टेफ धान्य इथं मिळत नाही, पण तिकडंही ज्वारीची इंजेरा करतात. नवा शाळू आला की लावते.