माशीला सोडून देणारं फूल

सड्यावर पावसाळ्यात किडे पकडणारी तीन मंडळी हमखास भेटतात. दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी किडा धरतो आणि पचवून टाकतो. सीतेची आसवं वरून निळीजांभळी, गरीब दिसतात; पण त्यांच्या मुळाशी, चिखलात, बारीक पिशव्या सूक्ष्म जीव आत ओढत असतात. हे दोघे सरळसरळ मांसाहारी. तिसरं कंदीलपुष्प. तेही माशी पकडतं, पण खात नाही. एखाद-दोन दिवस कोंडून ठेवतं आणि सोडून देतं.

गेली काही वर्षं मी या तिसऱ्याच्या मागे आहे, कॅमेरा घेऊन.

लिनियसने १७५३ साली या प्रजातीला सिरोपेजिया हे नाव दिलं. ग्रीक शब्द जोडून केलेलं, अर्थ मेणाचं कारंजं. आपल्याकडे लोकांना त्यात कंदील दिसला, आणि ते जास्त पटतं. खाली फुगीर बुड, मधे नळी, वर पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा. पिंजऱ्याच्या फटींतून जेमतेम दोन मिलिमीटरची माशी वासाने खेचली जाते. आतली भिंत निसरडी, नळीत केस खालच्या दिशेने वळलेले. उतरता येतं, चढता येत नाही. बुडात भिंत जरा पातळ असते, तिथून उजेड आत येतो. माशी सुटकेच्या आशेने उजेडाकडे जाते आणि नेमकी परागांच्या जोड-पिशव्यांपाशी पोचते. तिथल्या चिमट्यात तिच्या तोंडाचे केस अडकले की पिशव्या तिला चिकटतात. पुढे नळीतले केस सुकतात, पुष्कळ जातींत फूल खाली कलतं, आणि माशी ओझं घेऊन बाहेर पडते. दुसऱ्या कंदिलात पुन्हा फसली, तरच बी धरतं.

फसवायचं म्हणजे किती फसवायचं? दक्षिण आफ्रिकेतल्या एका कंदीलपुष्पावरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ते फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडतं. कोळ्याच्या तावडीतल्या मधमाशीचा रस चोरून पिणाऱ्या माश्या असतात, त्या मेजवानीच्या ओढीने येतात आणि उपाशी कोंडल्या जातात.

हे सगळं फोटोत कसं आणायचं, हा माझा प्रश्न. फूल दीड-दोन इंचांचं. फूल आहे तेवढ्याच आकारात सेन्सरवर उतरवायचं, तर एफ-११ ला सुद्धा जेमतेम एक-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. पिंजऱ्याची पुढची कड धारदार आली की मागची धुकट. वारा थांबत नाही, भिंगावर तुषार, फ्लॅशची चमक मारायला समोर ट्रेसिंग पेपर धरायचा, तो भिजून लगदा. हे जमवून चांगला फोटो आला, तरी त्यात कंदीलच दिसतो. गोष्ट तर आत घडते आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये एका पठारावर आम्ही चौघं होतो. फूल मिळालं, आत काहीतरी हलतंय असा संशयही आला. आमच्यातल्या एकाने खिशातून ब्लेड काढलं. "उभा छेद देऊ. आतली माशी, केस, सगळं एका फ्रेममध्ये. एकच तर फूल आहे." खोटं का बोलू, तो फोटो मलाही हवा होता. अभ्यासक छेद घेतातच, त्याशिवाय वर लिहिलेलं काही कळलंच नसतं. पण अभ्यासक एकदा कापतो आणि लिहून ठेवतो. आम्ही दर शनिवार-रविवारी येणार होतो.

तेवढ्यात गुरं घेऊन आलेले एक मामा टेकले. "काय हारवलं का, ताई?"

"नाही मामा, या फुलाचा फोटो काढतोय."

"हमण हाय ती. बारीक असताना लई उकरून खाल्ली. कांद ग्वाड लागतो." मग ब्लेडकडे बघून म्हणाले, "फूल कापून काय गावणार? खायाचं खाली असतंय."

आम्ही हसलो. ब्लेड मात्र खिशात गेलं. मी फुलामागे छोटी बॅटरी धरली. बुडाच्या भिंतीतून उजेड आला आणि त्यात एक ठिपका सरकला. त्याचे नऊ फोटो काढले. सगळे दाणेदार, एकातही माशीचा पाय ओळखू येत नाही. रात्री पायथ्याच्या गावात राहिलो. सकाळी वर गेलो तर फूल मान टाकून लोंबत होतं. बॅटरी लावली. आत ठिपका नव्हता.

सह्याद्रीतल्या यांच्या अनेक जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. काही तर एखाद-दोन डोंगरांपुरत्याच. मोहम्मद युसूफ अन्सारींनी भारतातल्या जातींवर १९८४ साली पुस्तक केलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात श्रीरंग यादव आणि सहकाऱ्यांनी दुर्मीळ जाती लावून वाढवल्या. एवढ्या मेहनतीपुढे माझा फोटो म्हणजे काहीच नाही, पण नुकसान करण्याची ताकद त्यात आहे. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. फोटो फिरला की पुढच्या रविवारी वीस माणसं त्याच उतारावर पालथी पडतात. ज्या फुलाचा फोटो काढायचा, त्याच्या शेजारचं अजून न फुललेलं रोप कोपराखाली जातं. कंद खाणाऱ्या पोरांना निदान झाड कुठे आहे ते दिसत होतं.

म्हणून आता माझ्या फोटोंखाली फक्त जिल्ह्याचं नाव असतं. "लोकेशन?" असं विचारणाऱ्यांना मी महिना सांगते, आणि गावातल्या कुणाला तरी सोबत घ्या, असं सुचवते. काही जण रागावतात. एकाने लिहिलं, डोंगर काय तुमच्या मालकीचा आहे का? नाही. माझ्या मालकीचे ते नऊ दाणेदार फोटो आहेत, आणि ते कुठल्याही स्पर्धेत जाण्याच्या लायकीचे नाहीत. मी ते अधूनमधून उघडून बघते. आठव्या फोटोत ठिपका थोडा वर सरकलेला आहे.