मुसंडी

'मुसंडी मारणे' हा वाक्प्रचार मी कितीतरी वर्षे मोठ्या आवेशाने शिकवीत आलो आहे. 'मावळ्यांनी शत्रूच्या सैन्यात मुसंडी मारली,' हे वाक्य पोरांना तोंडपाठ आहे. पण ज्याची ही मुसंडी, ते रानडुक्कर मी उभ्या आयुष्यात पाहिले नव्हते. गुरुजींना काही गोष्टी झाकून ठेवाव्याच लागतात!

यंदा भादव्यात तो योग आला. पाटोद्याकडे बालाघाटाच्या उतारावर आमचे भुईमुगाचे रान आहे. ते वाट्याने करणाऱ्या आबांचा निरोप आला, "अर्धं रान उकरलं, गुर्जी. येऊन बघा." 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे परवानगीवाचून त्या प्राण्याला मारता येत नाही. तेव्हा मी काठी, ब्याटरी आणि पुष्कळसा राग घेऊन माळ्यावर चढलो.

"ब्याटरी लावू नगा," आबा म्हणाले, "त्याला दिसतं कमी, पर नाक लै तिखट."

मध्यरात्र टळली आणि खालून घुरघुर ऐकू आली. अंधुक चांदण्यात पुढे एक थोराड मादी, मागे आणखी दोघी आणि मधोमध पट्टेवाली सात-आठ पिल्ले. मी सुळेवाला सेनापती शोधीत होतो.

"कळप बायांचाच असतो," आबा कुजबुजले. "नर एकला हिंडतो. वेळेपुरता येतो."

मादीने नाक उंचावून वारा हुंगला. पिल्ले जागच्या जागी थिजली. मग तिने हलकेच हुंकार दिला आणि सगळी नाके नांगराच्या फाळासारखी मातीत घुसली. शेंगा, गांडुळे, कंद, आम्ही ज्यांना शिव्या घालतो त्या हुमणीच्या अळ्या, सारे काही त्यांना चालत होते.

आबांनी डबा बडवला. पिल्ले पळाली. थोरली मात्र आमच्याकडे तोंड करून उभी राहिली आणि शेवटचे पिल्लू दिसेनासे झाल्यावरच वळली. मुसंडी तिने मारलीच नाही.

"दिवसा कुठे राहतात?" मी विचारले.

आबांनी उताराखाली बोट दाखवले. "पहिलं डोंगरातल्या झुडपात असायची. आता पाणी, गारवा, आडोसा, समदं त्या उसात."

तो ऊस माझाच होता. दोन वर्षांपूर्वी नको नको म्हणणाऱ्या आबांकडून मीच हट्टाने लावून घेतलेला!

सकाळी नुकसानभरपाईचा अर्ज मी लिहिला. नुकसान करणाऱ्या प्राण्याचे नाव लिहिताना हात जरा अडखळला. आबांनी अंगठा केला आणि म्हणाले, "भुईमूग साधला असता, तर पोराला औंदा घरी ठिवायचा इचार होता."

यंदाही दिवाळीचे दिवे निवायच्या आत तो आणि त्याची बायको कोयते घेऊन ऊसतोडीला जातील. धाकटी नात माझ्या वर्गात आहे. तिला आजीजवळ ठेवा, एवढे मात्र मी आबांकडून कबूल करून घेतले आहे.

भुईमुगाचा माझा वाटा मी यंदा घेतलेला नाही. ऊस तुटला की त्या वावरात पुन्हा ज्वारी पेरायची, असेही ठरवले आहे. ती थोरली पिल्लांना घेऊन कुठे जाईल, ते मात्र मला अजून सुचलेले नाही.