हिवाळ्यातील चार कुंड्या

चातुर्मास संपला की आपल्या घरांत हिरवा पाला पुन्हा ताटात येतो. योगायोग असा, की महाराष्ट्रात कोथिंबीर, मेथी आणि शेपू पेरण्यास अनुकूल असा थंडीचा काळही तेव्हाच सुरू होतो. निवृत्तीनंतर गेली पाच वर्षे पुण्यातील आमच्या सदनिकेच्या सज्जात मी या दिवसांत छोटी बाग करीत आलो आहे. त्या अनुभवातून काही गोष्टी वाचकांपुढे ठेवाव्यात असे वाटते.

बागेचा आरंभ मातीपासून नव्हे, कागदापासून करावा. प्रथम ऊन पाहावे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकत असल्याने दक्षिणमुखी सज्जात ऊन आतपर्यंत येते. पाच तास ऊन मिळाले तरी पालेभाज्यांचे भागते. नंतर स्वयंपाकघराला विचारावे. आमच्याकडे कोथिंबीर रोज लागते, मेथी आठवड्यातून एकदा, शेपू क्वचित. जे लागते तेच आणि लागते तेवढेच पेरावे.

कोथिंबीर पेरणीपासून साधारण चाळीस दिवसांत काढणीस येते. सर्व धणे एकदम पेरले, तर सर्व पाला एकदम तयार होतो आणि निम्मा वाया जातो. म्हणून मी चार कुंड्या ठेवतो आणि दर दहा दिवसांनी एक पेरतो. चौथी पेरल्यानंतर दहा दिवसांनी पहिली तयार होते. ती रिकामी झाली की तिच्यात पुन्हा पेरणी. बँकेत टप्प्याटप्प्याने ठेवलेल्या मुदत ठेवींसारखाच हा हिशेब आहे. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र कोथिंबीर पेरू नये. उन्हाचा ताव वाढला की पाला कमी होऊन झाड फुलोऱ्यावर येते.

बियाण्यासाठी घरातीलच धणे घ्यावेत. ते नवे आणि न भाजलेले असावेत. बाजारातील पाकिटांतील बियाण्यास पुष्कळदा औषध चोळलेले असते, त्यामुळे ते खाण्याच्या धण्यांत मिसळू देऊ नये. एका धण्यात दोन बिया असतात. लाटणे हलके फिरवून त्या अलग कराव्यात, रात्रभर पाण्यात भिजवाव्यात आणि अर्धा इंच खोल पेराव्यात. माती, शेणखत आणि नारळाच्या काथ्याचा भुसा समप्रमाणात घेतल्यास मिश्रण भुसभुशीत राहते. माझ्या वहीतील नोंदीप्रमाणे नोव्हेंबरात पेरलेले धणे नऊ दिवसांत उगवले, तर डिसेंबरच्या कडाक्यात त्यांनाच चौदा दिवस लागले. तेवढा धीर धरावा. उकरून पाहू नये. मेथी मात्र चार दिवसांतच डोके वर काढते आणि महिन्याच्या आत खुडता येते. पुदिन्याला बी नको. जुडीतील जून काड्या पाण्यात ठेवल्या की मुळे फुटतात. तुळशीच्या बीला ऊब लागते, म्हणून तिची पेरणी फेब्रुवारीच्या अखेरीस करावी आणि बी मातीवर नुसते दाबावे.

दाटी झाली की मावा पडतो. रोपे विरळ ठेवणे हाच त्यावरचा पहिला उपाय, कारण किडीवर फवारणी करण्याची वेळच येऊ नये. पान उलटून पाहून मगच खुडण्याची आपल्या घरांतील जुनी सवय येथे फार उपयोगी पडते.

या साऱ्यातून मला मिळाले ते मात्र कोथिंबिरीपेक्षा अधिक आहे. आमचे दुकान धाकट्या बंधूंनी उभे केले. आता ते मुलगा आणि पुतण्या सांभाळतात. छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या खातेवह्या तपासलेल्या माणसाला घरच्या वहीत डोकावण्याचा मोह होतोच. त्यांनी विचारल्याशिवाय सल्ला देणे त्यांना अवघड जाते आणि मला शोभत नाही. व्यापारी घरांतील पुष्कळ ज्येष्ठ या पेचात असतील. मोठ्या अधिकाराची जागा सोडल्यावर घरात लहानशी, पण खरी जबाबदारी हवी असते. आता सकाळी सूनबाई विचारतात, ‘‘पप्पा, आज कोणती कुंडी तयार आहे?’’ आणि मी सांगेन त्यावरून त्या घरचा बेत ठरतो. दुकानाच्या उलाढालीपुढे ही गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु माझ्या उत्तराची कोणी वाट पाहते, हे समाधान क्षुल्लक नाही.

ज्यांच्या घरी नुकतेच कोणी निवृत्त झाले असेल, त्यांनी यंदा चार कुंड्या आणि एक वही त्यांच्या स्वाधीन करावी. नंतर मात्र त्या कुंड्यांचा कारभार पूर्णपणे त्यांच्यावरच सोपवावा.