गाडीची निवड मागच्या सीटवरून करावी

आरोग्याच्या पाक्षिकात एका डॉक्टरने मोटारसायकलीविषयी लिहावे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु करमाळा तालुक्यातील आमच्या जेऊरला माझ्याकडे येणारे बहुतेक वृद्ध रुग्ण मुलाच्या, सुनेच्या किंवा नातवाच्या गाडीवर डबलसीट बसूनच येतात. गावाला रेल्वे स्थानक आहे, रस्ते आहेत. पण वस्तीवरून दवाखान्यापर्यंत किंवा स्थानकापर्यंत यायचे ते दुचाकीवर. रक्तदाबाची गोळी आठवडाभर बंद का होती, जखमेचे ड्रेसिंग का राहिले, असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, ‘गाडी बंद होती, डॉक्टर.’ ज्या घरात वृद्ध माणूस आहे, त्या घरी गाडीचा भरवसा हा औषधपाण्याचाच एक भाग असतो.

यंदा आमच्याही घरी नवी गाडी घ्यायचे ठरले. जुनी थकली होती. मुलाच्या मनात १२५ सीसीची गाडी होती, पत्नीचा कल स्कूटरकडे होता. मी मात्र ऐंशी ओलांडलेल्या आईचा विचार करत होतो. करमाळ्याला कमलाभवानीच्या दर्शनाला जायचे की डोळे तपासायला, तिची वाट मागच्या सीटवरूनच जाते.

आपल्या पिढीला लुना आठवत असेल. १९७२ साली आलेली ती छोटी गाडी आणि राजदूतसारख्या मोटारसायकली टू-स्ट्रोक होत्या. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, प्लगवर काजळी धरे, आणि खिशात एक जादा प्लग ठेवूनच माणूस घराबाहेर पडे. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि फोर-स्ट्रोक इंजिन घरोघरी पोहोचले. १९९४ साली स्प्लेंडर आली. आज शंभर सीसीच्या नावाजलेल्या गाड्यांची इंजिने वेळेवर ऑइल बदलले तर वर्षानुवर्षे कुरकुरत नाहीत. त्यामुळे ‘कोणती कंपनी चांगली?’ हा प्रश्न पूर्वीइतका निर्णायक राहिलेला नाही. आपल्या गावात, आपल्या माणसांसाठी कोणती गाडी टिकेल, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. थंडीच्या सकाळी चोक ओढत बसण्याचा त्रास गेला. मात्र कार्ब्युरेटर गावातला कोणीही जाणता मेकॅनिक खोलून साफ करी. इंजेक्शनच्या गाडीतला बिघड शोधायला पुष्कळदा तपासणीचे यंत्र लागते. शिवाय बॅटरी पार उतरली असेल, तर नुसत्या किकने अशी गाडी चालू होईलच असे नाही. म्हणून दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी मी आमच्या मेकॅनिककडे गेलो आणि तीन गोष्टी विचारल्या. या गाडीचे काम तुझ्याकडे होते का? क्लच केबल, ब्रेक शू, चेन सेट हे सामान इथे किंवा करमाळ्यात मिळते का? आणि पाच वर्षे जुनी, रोज वापरातली अशी गाडी कोणाकडे आहे? त्या गाडीच्या मालकाशी दहा मिनिटे बोलल्यावर मला जे कळले, ते कोणत्याही जाहिरातीत नव्हते.

यानंतर माझ्या वहीत दोन रकाने झाले, एक यंत्राचा आणि दुसरा शरीराचा. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, होंडा शाईन १०० ची ७८६, तर बजाज प्लॅटिनाची ८०७. शाईन १०० चे वजन शंभर किलोच्या आत आहे. अंगणात गाडी ढकलणाऱ्या साठीच्या माणसाला ते सोयीचे. प्लॅटिना थोडी उंच, पण तिचे सस्पेन्शन मऊ असल्याची ख्याती आहे. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे तरुणाला वाटेल. गुडघा पूर्ण न वाकणाऱ्या आजीला विचारा. शिवाय ही मापे चालकाच्या जागेची असतात. मागची बाजू सहसा आणखी उंच असते. स्कूटरवर चढणे सोपे, पायाजवळ पिशवी ठेवता येते. परंतु तिची चाके लहान असतात. अठरा इंची चाक ज्या खड्ड्यावरून निघून जाते, त्यात दहा इंची चाक आदळते.

हा हादरा किरकोळ समजू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये गतिरोधकावरील एका आदळण्यानेही पाठीचा मणका दबू शकतो. माझ्या पाहण्यातल्या एका आजींना असेच झाले. पडल्या नाहीत, गाडी घसरली नाही. फक्त गतिरोधक वेगात ओलांडला गेला. पुढचे तीन महिने त्या अंथरुणावर कुशीही वळवताना कण्हत होत्या. म्हणून घरातल्या तरुणांना सांगा, मागे वृद्ध माणूस असेल तर गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवावी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारसायकलीला मागच्या व्यक्तीसाठी हाताची पकड, पाय ठेवायची जागा आणि निम्म्या मागच्या चाकाला झाकणारे आवरण असावे लागते. हेच आपले साडी गार्ड. दिसायला बरे नाही म्हणून मुले ते काढून टाकतात; काढू देऊ नका. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या स्त्रीचे दोन्ही पाय टेकतील एवढा रुंद फूटरेस्ट बसवून घ्या. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल आणि माणूस दोन्हीकडे पाय टाकून बसत असेल, तर सायलेन्सरचा चटका त्याला कळतही नाही. घरी आल्यावर पोटरी पाहावी. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने आवश्यक आहे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांसाठी तर ते जीवनमरणाचे आहे, कारण डोक्याच्या साध्या माराने आत रक्तस्राव होऊ शकतो.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना निदान दोन्ही चाकांवर एकत्र काम करणारी ब्रेक व्यवस्था सक्तीची आहे. जुनी गाडी घेत असाल तर ही बाब अवश्य विचारा.

गाडी कितीही चांगली असो, तिचा भरवसा आपण राखू तेवढाच राहतो. रक्तदाबाप्रमाणे तिच्याही काही गोष्टी न दुखता बिघडतात. चेन सैल होते, ब्रेक झिजतात, टायरची हवा उतरते. गाडीच्या पुस्तिकेत एकट्यासाठी आणि डबलसीटसाठी हवेचे आकडे वेगळे दिलेले असतात. महिन्यातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी आजोबांचा रक्तदाब, गाडीची हवा आणि चेन हे सारे तपासून कॅलेंडरवर लिहा. उसाच्या हंगामात रात्री रस्त्यावर दिवा नसलेल्या ट्रॉल्या उभ्या असतात. तेव्हा हेडलाइट पुसलेला असणे हीदेखील शुश्रूषाच आहे.

चालकाची तपासणीही विसरू नये. वयाच्या ५५ वर्षांनंतर परवाना पाचच वर्षांसाठी मिळतो, तो उगाच नव्हे. मोतीबिंदू असेल किंवा झोप आणणारे खोकल्याचे औषध घेतले असेल, तर चावी दुसऱ्याच्या हाती द्यावी. आणि एक मर्यादा कायम ध्यानात ठेवा. छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, मांडीचे हाड मोडल्याची शंका, अशा वेळी रुग्णाला गाडीवर दोघांच्या मध्ये बसवून आणू नका. १०८ क्रमांकाला फोन करा.

आम्ही शेवटी शंभर सीसीची, साडी गार्ड असलेली साधी गाडी घेतली. तिचे नाव मुद्दाम सांगत नाही, कारण आपल्या घरच्या आजीचे गुडघे आणि आपल्या गावचा मेकॅनिक वेगळे आहेत. निवड करताना मात्र त्या आजीला दुकानात सोबत न्या. तिला मागे बसू द्या, पाय टेकू द्या, उतरू द्या. ती ‘जमतंय’ म्हणाली, तरच पैसे मोजा.