एर म्हणजे पाणी



नागपूरहून सकाळची गडचिरोलीची एस.टी. पकडली की उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करीत गाडी आरमोरीच्या अलीकडे वैनगंगा ओलांडते. इथून झाडी दाट होत जाते. गडचिरोलीला गाडी बदलून धानोऱ्याची धरायची. धानोरा तालुक्यात आमची दोन एकर धानाची शेती आहे. आजोबांनी पोटासाठी हे गाव सोडले आणि नागपूरची एम्प्रेस मिल गाठली. पुढे वडीलही तिथेच लागले. १८७७ साली सुरू झालेली ती मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. गावची जमीन चुलत्यांनी सांभाळली होती. मुले मार्गाला लागल्यावर, २०१६ च्या उन्हाळ्यात, आम्ही दोघे नवरा-बायको भांडीकुंडी, बाबासाहेबांचा फोटो आणि चार पुस्तके घेऊन तिकडे राहायला गेलो.

गावात बौद्धांची आमच्यासह चार घरे, बाकी सगळे गोंड. पहिल्याच सकाळी शेजारच्या म्हाताऱ्या दादांनी हात जोडून "जोहार" म्हटले आणि आम्ही चपापलो. जोहार म्हटले की आपल्या लोकांना काय आठवते ते सांगायला नको. गावाच्या दारात वाकून घालावा लागणारा जोहार टाकून देऊन आपण ताठ मानेने जय भीम म्हणू लागलो. तो जय भीम रूढ करणारे बाबू हरदास आपल्या कामठीचेच. आम्हाला वाटले, दादा आमची जात दाखवतात की काय! दोन-चार दिवसांत कळले की गोंड माणूस गोंड माणसालाही जोहारच घालतो, कोणी जय सेवा म्हणतो, आणि त्यात वाकणे-बिकणे काही नाही. मग ते जोहार म्हणत, आम्ही जय भीम म्हणत असू. आजही तसेच चालते.

खरी गोष्ट पुढे आहे, आणि ती सांगताना आम्हाला थोडी लाज वाटते. शेजारच्या आजींची सात-आठ वर्षांची नात आमच्या विहिरीवर येई. "एर, एर" म्हणत गुंड खाली ठेवी. आम्ही शहाणे! "बाळ, एर नाही, पाणी म्हण. शाळेत काय सांगशील?" असे रोज सांगत होतो. आम्हाला वाटे, पोरीचे भले करतो आहोत. हळूहळू ती बोलेनाशी झाली. मुकाट्याने पाणी भरायची आणि जायची.

आषाढात रोवणी लागली. चिखलणी झालेल्या बांधीत सकाळपासून कंबर मोडेपर्यंत पऱ्हे रोवत होतो. नागपूरच्या पाठीला ती सवय कुठली? दुपारी घसा कोरडा पडला. धुऱ्यावर आजी पाण्याचा गुंड घेऊन बसल्या होत्या. आम्ही म्हटले, "आजी, पाणी द्या." आजी ढिम्म. पुन्हा म्हटले. तशा त्या शांतपणे म्हणाल्या, "एर म्हण." रोवणीच्या बाया फिदीफिदी हसल्या. आम्ही "एर" म्हटले, तेव्हा कुठे पाणी मिळाले. पाण्यावरून काय काय झाले हे ज्या समाजाला शिकवावे लागत नाही, महाडचा १९२७ चा सत्याग्रह ज्याच्या घराघरात सांगितला जातो, त्या समाजातली आम्ही माणसे त्या धुऱ्यावर मान खाली घालून पाणी प्यालो. आजींनी पाणी नाकारले नव्हते, आमचीच चूक आमच्या हातात दिली होती. आपल्यावर कोणीतरी बसलेले आहे हे आपल्याला चटकन कळते. भाषेच्या बाबतीत त्या गावात वर बसलेले आम्ही होतो, हे मात्र वर्षभर कळले नाही.

त्याच संध्याकाळी शंभर पानी वही काढली. डाव्या बाजूला मराठी, उजव्या बाजूला गोंडी.

पहिली अडचण अशी की कान फसवतो. आजी एकदा घराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इद नावा रोन." आम्हाला वाटले नाव विचारतात, दोघांनीही आपापली नावे सांगून टाकली. 'नावा' म्हणजे माझे, 'निवा' म्हणजे तुझे, आणि 'रोन' म्हणजे घर. कुत्रा म्हणजे 'नाई', कोंबडी 'कोर', झाड 'मरा', विस्तव 'कीस', धान 'वंजी'. गावागावाला उच्चार थोडा बदलतो, त्यामुळे वहीत खाडाखोड फार. आकडे मात्र पऱ्ह्याच्या जुड्या मोजता मोजता पाठ झाले: उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग. ज्यांनी सिरोंच्याकडे तेलुगू ऐकली असेल त्यांना रेंडू, मूडू, नालुगू आठवेल. गोंडी ही मराठीची बिघडलेली बोली नव्हे. ती तेलुगू, तमिळ, कानडीच्या घराण्यातली स्वतंत्र भाषा आहे. "जंगलातली बोली" म्हणून नाक मुरडणाऱ्यांत आम्हीही होतो.

व्याकरणात एक गंमत सापडली. पुरुष आला तर 'वातोर', बाई आली तर 'वाता'. पण गाय आली, पाऊस आला, तरी 'वाता'च. म्हणजे पुरुष एकीकडे आणि बाकी सारी सृष्टी एकीकडे! यावरून आमच्या घरात दोन दिवस वाद झाला. घरधनीण म्हणाल्या की बाईला ढोरांच्या रांगेत बसवले. आजींना विचारले तर त्या म्हणाल्या, "पाऊस आमच्या रांगेत आहे ना!" वाद मिटला.

दिवस असा जातो. पहाटे कोठ्यातले शेण काढायचे, सांदवाडीतल्या वालाला, मिरचीला पाणी द्यायचे, आंबील पिऊन बांधीवर जायचे. धान निसवायच्या वेळी तुडतुडा आला की झोप उडते. कापणीच्या आधी उभ्या धानातच लाखोळी फेकायची. धान निघाले की मागे लाखोळी तयार होते, नांगरायचे काम नाही. कापलेल्या धानाचे पुंजणे रचले की रानडुकरांपासून राखण. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायला अंधारातच निघावे लागते, कारण ऊन चढले की ढोरे आणि हरणे आपल्या आधी वेचून जातात. मेमध्ये तेंदूपत्ता. या सगळ्या कामांत जितके शब्द कानावर पडतात तितके कुठल्या वर्गात बसून मिळायचे नाहीत. पैसा म्हणाल तर हातात फार उरत नाही. घरचा तांदूळ आणि डाळ मात्र वर्षभर पुरते.

वर्षावासात रोज संध्याकाळी आम्ही त्रिशरण, पंचशील म्हणून 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' चार पाने वाचतो. आजी ओट्यावर येऊन बसत. एकदा त्यांनी विचारले, "ही तुमच्या कुठल्या गावची बोली?" आम्ही म्हटले, पाली, भगवान बुद्धांची वाणी. "मग वेरमणी म्हणजे काय? सारखा येतो तो शब्द." आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. लहानपणापासून म्हणतो, एकूण अर्थही ठाऊक आहे, पण तेवढा एक शब्द सुटा करून सांगता येईना! पुढच्या खेपेला नागपूरला विहारात भन्तेजींना विचारले: वेरमणी म्हणजे दूर राहणे, अलिप्त राहणे. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश आणि व्याकरण लिहायला घेतले होते. शासनाने ते त्यांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ साली छापले. ते आमच्या चार पुस्तकांत नव्हते, आता आहे. वहीला तिसरा रकाना आखला, पालीचा.

नागपूरकरांनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे, मोतीरावण कंगाली यांचे. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचा हा माणूस नागपूरच्या रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता आयुष्यभर गोंडी भाषा आणि संस्कृतीवर लिहीत राहिला. २०१५ साली ते गेले. आपल्याच शहरात हे काम चालले होते आणि आम्हाला ते गाव सोडल्यावर कळले.

बाबासाहेब लंडनला शिकले. त्याच ब्रिटनच्या पश्चिम अंगाला वेल्स हा डोंगराळ मुलूख आहे. तिथली वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी निराळी. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. १९६५ साली लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी धरण बांधून कापेल केलिन हे अख्खे वेल्श बोलणारे गाव बुडवले. लोक लढले. १९८२ पासून त्यांच्या भाषेचे दूरचित्रवाणी केंद्र आहे, २०११ च्या कायद्याने वेल्शला अधिकृत दर्जा मिळाला. आज बाहेरून येऊन तिथे छोटी शेती करणारी कुटुंबेही मेंढ्या राखता राखता वेल्श शिकतात. २०२१ च्या गणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार होते. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर, म्हणजे पाचपटीहून जास्त. तरी गोंडी आठव्या अनुसूचीत नाही.

राज्यघटनेच्या २९ व्या कलमात आपली भाषा जपण्याचा हक्क आहे. १९५६ मध्ये घातलेल्या ३५० (क) मध्ये प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आहे. आमच्याच तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली याच आधारावर गोंडी माध्यमाची शाळा काढली. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला होता. 'मावा नाटे मावा राज' ही घोषणा आता आम्हाला कोणी समजावून द्यावी लागत नाही. नार म्हणजे गाव, नाटे म्हणजे गावात.

आजींची नात आता मोठी झाली, गडचिरोलीला शिकते. सुट्टीत आली की आमची वही तपासते, लाल पेनाने. मागच्या मृगात ती ओट्यावर वही घेऊन बसली होती. आम्ही दोघे तणस आत ओढत होतो. पलीकडून आजींनी हाक दिली, "पिर वाता!" पोरीने मान वर करून आमच्याकडे पाहिले, अर्थ विचारतील म्हणून. आम्ही तोवर वाळत घातलेले मोह गोळा करायला अंगणात धावलो होतो.